ढोलीतलं एकेक माप

मी एक जुना कम्प्युटर आहे. जुना म्हणजे जुना, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर तोंड वाकडं करू नका. एके काळी माझा डबा पांढरा होता, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडला आहे. कीबोर्डवरचा 'ए' पुसला गेला, पंखा सुरू झाला की घरातली मांजर उठून जाते. शिक्षण विचाराल तर काही नाही. शून्य आणि एक, एवढंच मला येतं. तेवढ्यावर आयुष्य काढलं, आणि मित्रांनो, वाईट नाही काढलं.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारातला. मुन्नालाल नावाचा माणूस दुकानात मेणकापड अंथरून बसायचा आणि सुटे भाग जोडून आमच्यासारखे डबे उभे करायचा. माझा बोर्ड एकाचा, डबा दुसऱ्याचा, स्क्रीन तिसऱ्याची. मेमरीची पट्टी तेवढी लहान मिळाली. त्यानं फुंकर मारून ती बसवली, माझ्या डोक्यावर थाप दिली आणि घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "दिमाग थोडा छोटा है भैया, मगर दिल का अच्छा है."

आपल्या जन्मदात्यानं पहिल्याच दिवशी असं बोलावं! पण खोटं नव्हतं. मेमरी म्हणजे माझं अंगण समजा. ज्या वस्तूवर काम करायचं, ती आधी अंगणात आणून ठेवावी लागते. माझं अंगण लहान. गोदाम मोठं होतं, पण गोदामात बसून काम होत नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे कैलाश, मुर्रीचा फोटो स्टुडिओवाला. त्याच्याकडे माझे मानाचे दिवस गेले. लग्नसराईत मला उसंत नसायची. नवरदेवाच्या तोंडावरचे फोड पूस, नवरीच्या मागं ताजमहाल उभा कर, न आलेल्या मामाला पंगतीत बसव. लोक स्क्रीनकडे पाहून म्हणायचे, वा, काय मशीन आहे. दसऱ्याला कैलाश मला झेंडूचा हार घालायचा आणि डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचा. ते कुंकू जाळीतून पोटात पडायचं आणि मी दिवाळीपर्यंत शिंकायचो.

मग मोबाईल आले. माणसं स्वतःचे फोड स्वतःच पुसायला लागली. कैलाशनं नवा लॅपटॉप आणला आणि मला टेबलाखाली सरकवलं. अंगावर फोटोच्या मागं लावायचा निळा पडदा टाकला. त्यावर तो पाय ठेवून बसायचा. रागावून सांगत नाही. पाय गरम होते त्याचे, थंडीत बरं वाटायचं.

एक दिवस बिरसीची एक पोरगी पासपोर्ट फोटो काढायला आली. ओमेश्वरी तिचं नाव. गोंदियाच्या कॉलेजात कम्प्युटर शिकत होती, पण घरी हात चालवायला काही नव्हतं. तिनं पडदा उचलून पाहिलं आणि हा सुरू होतो का, म्हणून विचारलं. कैलाश म्हणाला, होतो कधीमधी, घेऊन जा, माझ्या गुडघ्याला लागून राहिला. तिचे बाबूजी, शिवलाल, ट्रॅक्टर घेऊन खत न्यायला आलेच होते. मी खताच्या पोत्यांवर बसून बिरसीला आलो.

शिवलाल धानवाला माणूस. आवाज मोठा, मन मऊ, आणि मऊ आहे हे कोणाला कळू नये म्हणून आवाज आणखी मोठा. मला पाहून ते रोज म्हणायचे, भंगारवाला येईल तेव्हा देऊन टाकू. भंगारवाला यायचा, जायचा. मी तिथंच.

मला आतल्या खोलीत ठेवलं, ढोलीच्या शेजारी. ढोली तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसापेक्षा उंच. वरून धान भरायचं आणि तोंड बंद करायचं. बुडाशी एक भोक, भोकात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की धान येतं, लावला की थांबतं. अशी न बोलणारी शेजारीण मला मिळाली. तिच्या पोटात माझ्यापेक्षा किती तरी जास्त मावायचं, पण तिनं कधी टेंभा मिरवला नाही.

ओमेश्वरी मला पायथन ही कम्प्युटरची भाषा शिकवायची, की मी तिला, ते नक्की सांगता येणार नाही. ती चुकायची, मी लाल अक्षरं दाखवायचो. ती म्हणायची, "का रे बाबा, आता काऊन रुसला?" तिचा आवाज ऐकायला मी एखादवेळी मुद्दाम हळू चालायचो, असं तिची आई धनवंता म्हणायची. तसं काही नाही. पण तसं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आता मुख्य गोष्ट.

शिवलालच्या शेतात तलावाला लागून एक बांधी आहे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. त्या वर्षी तिथं सारसाच्या जोडीनं घरटं केलं. माणसाएवढाले पक्षी, लाल मानेचे. अंडी फुटली, एक पिल्लू जगलं. शिवलालनं त्या बांधीत कोणाला पाय टाकू दिला नाही. विचारलं तर म्हणायचे, पक्ष्यासाठी नाही, धान तुडवतील म्हणून.

धान पिकलं. गावात हार्वेस्टर आला. तो एका गावात थोडे दिवस थांबतो आणि पुढच्या गावाला निघतो. निघाला की मग विळा घेऊन हातानं कापत बसा. आजूबाजूला मशीन घरघरायला लागली तसे मोठे सारस उठून तलावावर गेले. पिल्लू त्यांच्यासोबत पायी गेलं, की बांधीतच राहिलं? सारसाच्या पिल्लाला भीती वाटली की ते पळत नाही. मान टाकून जमिनीला चिकटून बसतं. उभ्या धानात ते कोणाला दिसणार? आणि हार्वेस्टरला तर काहीच दिसत नाही.

ओमेश्वरीनं तिचा जुना मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून बांधावरच्या पळसाला टांगला होता. तो दिवसभर आवाज भरायचा. पिल्लू बारीक शीळ घालतं. ती शीळ आज सकाळी त्या बांधीत वाजली असेल, तर पिल्लू आतच आहे.

शिवलालनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझी मसीन हाय म्हनन तं थांबतो. नाय म्हनन तं हार्वेस्टर घालतो. पन आज सांग. उद्या तो चालला केशोरीकडं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी असं विचारलं नव्हतं. मामाला पंगतीत बसवणं वेगळं आणि हे वेगळं.

ओमेश्वरीनं त्या मोबाईलचं कार्ड काढून मला लावलं. कितीतरी दिवसांचे आवाज त्यात. वारा, बेडूक, हार्वेस्टर, आणि बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची विमानं, जी टेकतात आणि लगेच पुन्हा उठतात. तिनं मला एका ओळीत हुकूम दिला: आवाजाचे बारीक बारीक तुकडे कर आणि सगळे माझ्यासमोर मांड, मग त्यातून शीळ असलेले निवड. त्या ओळीला तिनं चौकोनी कंस घातला होता. चौकोनी कंस म्हणजे यादी. यादी म्हणजे सगळा माल एकदम अंगणात.

मी मांडायला लागलो. अंगण भरलं. ओट्यावर मांडलं, तोही भरला. मग इकडचं उचलून गोदामात ठेव, तिकडचं काढ, अशी माझी धावपळ झाली आणि मी जागीच थिजलो. स्क्रीनवर माऊसचा बाण हलेना. पंखा असा ओरडला की मांजर घर सोडून शेजारी गेली.

शिवलाल दारातून म्हणाले, "म्हनलं होतं. भंगार हाय."

 ओमेश्वरीनं मला बंद केलं. तेवढ्यात धनवंता सूप आणि पायली घेऊन आली. ढोलीसमोर बसली, बोळा काढला, पायली भरली, बोळा लावला. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ," ती पुटपुटली. पायली सुपात ओतली, खडे पाहिले, बाजूला ठेवलं. पुन्हा बोळा काढला. "दोन."

ओमेश्वरी तिच्याकडे पाहून राहिली होती. एवढी मोठी ढोली, पण सुपात कधीही एकच पायली. सूप भरून सांडत नव्हतं, आई थकत नव्हती, घाई नव्हती.

तिनं मला परत सुरू केलं. ओळ तीच ठेवली, फक्त चौकोनी कंस काढून गोल घातला. एवढाच फरक. पण मित्रांनो, माझ्यासाठी तो फरक जमीन-अस्मानाचा. गोल कंस म्हणजे ढोली. तिला शिकलेले लोक जनरेटर म्हणतात. ही ओळ वाचून मी काहीच काम केलं नाही. एक तुकडासुद्धा कापला नाही. फक्त भोकाशी हात ठेवून बसलो: मागा, मग देतो. त्या हाताला इटरेटर म्हणतात. त्याला मागचं आठवत नाही, पुढचं माहीत नसतं. आपण कुठं थांबलो, एवढं मात्र तो पक्कं धरून असतो. पुढचा म्हटलं की पुढचा काढतो. अंगणात एका वेळी एकच तुकडा. पाहिला, शीळ नसली तर टाकला, दुसरा घेतला.

लहान डोक्याच्या माणसाला याहून मोठी मेहरबानी कोणती? मी चालत राहिलो. मांजर परत आली.

आता चूक कुठं झाली ते ऐका. ती चूक धानवाल्यांच्याच घरात होऊ शकते. आमच्याकडे कापणी झाली की पहिला प्रश्न एकच असतो: किती झालं? धान कसं आहे, ओलं की वाळलं, ते नंतर. शिवलालनं सवयीनं दारातून विचारलं, "किती वेरा बोललं?" म्हणून ओमेश्वरीनं पहिला हुकूम मोजायचा दिला. मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या सकाळपर्यंत सगळ्या शिळा एकेक काढल्या, मोजल्या, आकडा सांगितला. बऱ्याच होत्या. शिवलालच्या मिशा हलल्या, म्हणजे त्यांना बरं वाटलं.

मग तिनं खरा प्रश्न विचारला: यातल्या आज सकाळच्या कोणत्या?

मी हात घातला. हाताला काही लागलं नाही. लागणार कसं? मोजताना ढोली मीच रिकामी केली होती. यादी असती तर ढीग समोर पडलेला असता, पुन्हा पुन्हा पाहता आला असता. पण ढोलीतून निघालेलं माप निघालं ते निघालं. आणि आमच्या जातीची खोड अशी की ढोली रिकामी असली तर आम्ही ओरडत नाही. लाल अक्षरं नाही, काही नाही. रिकामा हात गुपचूप बाहेर काढतो.

स्क्रीनवर आलं: एकही नाही.

ओमेश्वरीनं ते दोनदा वाचलं. "आज नाय बोललं, बाबूजी," ती म्हणाली. "गेलं असन तलावावर."

 बरं झालं, मोकळे झालो, असं काहीतरी मोठ्या आवाजात म्हणून शिवलाल शेताकडे निघाले.

मित्रांनो, मला तोंड नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. पण माझं खरं तिच्या कामाचं नव्हतं, आणि ते तिला कळत नव्हतं.

धनवंता हात पुसत आत आली. तिला त्या पिल्लाचा लळा होता. सगळं मिळून किती वेळा बोललं होतं म्हणालीस, असं तिनं सहज विचारलं. ओमेश्वरीला आकडा नीट आठवेना, म्हणून तिनं मला परत मोजायला लावलं.

मी सांगितलं: शून्य.

ती खुर्चीतून अर्धी उठली. मगाशी तर इतक्या होत्या. तिनं ओळीकडे पाहिलं, गोल कंसावर बोट ठेवलं, मग शेजारी ढोलीच्या बोळ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"माय," ती म्हणाली, "मी सगळी ढोली मोजून काढली अन् मंग रिकाम्या ढोलीत हात घातला."

तिनं बाबूजींना फोन लावला. फोन खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात वाजला.

"तू जाय माय, बाबूजीले थांबव. मी इथं पुन्हा पायतो."

"काय सांगू? पिल्लू हाय म्हनू का नाय म्हनू?"

 ओमेश्वरीला हाय म्हणता आलं असतं. मशीन थांबली असती. "मले अजून माहीत नाय," ती म्हणाली. "एवढंच सांग."

धनवंता पदर खोचून पळाली. या वयात ती पळते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

ओमेश्वरीनं ढोली नव्यानं भरली, म्हणजे ओळ पहिल्यापासून पुन्हा चालवली. या वेळी फक्त आजच्या सकाळचा आवाज दिला. किती, हे विचारलंच नाही. एकच शब्द टाकला: पुढचा. जो पहिला सापडेल तो दे, बाकीचे राहू दे आत. मी हात घातला. वारा, टाकला. बेडूक, टाकला. टेकून उठणारं विमान, टाकलं. दूरची घरघर. पुन्हा वारा. ती स्क्रीनला नाक लावून बसली होती. तिचा श्वास काचेवर उमटत होता.

मग बारीक, सुईसारखी, दोनदा. आज पहाट उजाडतानाची. त्याच बांधीतली.

"लाभ," ओमेश्वरी म्हणाली, आणि चप्पल न घालता धावत गेली.

पुढचं मी पाहिलं नाही, मला पाय कुठं? संध्याकाळी चहा पिताना तिघं बोलून राहिले होते, त्यावरून सांगतो. हार्वेस्टर शेजारची बांधी उरकून या बांधीच्या तोंडाशी आला होता. धनवंता बांधावरून हात हलवत गेली. ड्रायव्हर हसला, एका चिमणीसाठी मशीन उभी ठेवता का, म्हणाला. शिवलालनं विचारलं, पोरीनं काय सांगितलं? धनवंता म्हणाली, तिला माहीत नाही. शिवलालनं तेवढ्यावरच हात वर करून मशीन बंद करायला लावली.

ओमेश्वरी पोचली तेव्हा सगळे गप्प उभे होते. मशीन थंड होत होती. आणि त्या शांततेत धानाच्या मधून ती शीळ आली. मग तिला काहीच सांगावं लागलं नाही. ड्रायव्हरनं म्हणे डोक्यावरचं फडकं काढलं, पुन्हा बांधलं आणि मशीन उलटी घेतली.

मला धास्ती होती की तिनं चुकीचं सांगितलं म्हणून शिवलाल रागावतील. ते रागावले, पण चहात साखर कमी म्हणून. मग म्हणाले, "नाय म्हनली तवा मले पटलं नव्हतं. माहीत नाय म्हनली तवा पटलं. माहीत नाय म्हनल्यावर कोन मसीन घालन बाप्पा?"

हार्वेस्टर केशोरीकडं गेला. ती बांधी उभी राहिली. काही दिवसांनी सारसाची जोडी पिल्लाला मधे घेऊन बांधावरून तलावाकडे चालत गेली, सगळ्या गावानं पाहिलं. त्यानंतर शिवलाल, धनवंता आणि ओमेश्वरी विळे घेऊन बसले. शिवलाल कापताना पूर्ण वेळ कुरकुरले. ओमेश्वरी म्हणते, इतक्या आनंदानं कुरकुरणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

आता ओमेश्वरी हुशार झाली आहे. नवा प्रश्न असला की नवी ढोली उघडते. पुन्हा पुन्हा लागणारं थोडंसं असेल, तर तेवढंच चौकोनी कंसात अंगणात ठेवते. अंगणात मावेल तेवढंच पसरावं, एवढं तिला कळलं, आणि खरं सांगू, मलाही तेव्हाच कळलं.

भंगारवाला आजही येतो. मागच्या वेळी शिवलालनं त्याला दारातूनच वाटेला लावलं आणि आत येऊन माझ्या डोक्यावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसली. कोणी पाहत नाही ना, हे आधी पाहून घेतलं. पळसावर मोबाईल अजून टांगलेला असतो. सकाळी ते येतात, खुर्ची ओढतात. आता किती, म्हणून विचारत नाहीत. म्हणतात, "दे गा, लाभ दे."

आणि मी एक शीळ काढून देतो.

मित्रांनो, म्हातारं डबडं तुमच्याकडे काय मागणार? माझ्यासारख्या जुन्यापुराण्याला एकदम सगळं मागू नका, एकेक मागा. आम्ही हळू देतो, पण देतो. आणि कधी आमच्याकडून 'काही नाही' असं उत्तर आलं, तर लगेच मशीन घालू नका. आपण रिकाम्या ढोलीत तर हात घातला नाही ना, ते पाहा. ओळ पहिल्यापासून एकदा पुन्हा चालवा. थोडा उशीर होईल, होऊ द्या. उभ्या धानात कोणीतरी मान टाकून बसलेलं असतं, आणि त्याला अजून उडता येत नसतं.